उरेल ते कोणाचे? अर्थविचार बदलला की कंपनी चालवण्याची रीत का बदलते

२०२२ साली फेसबुकची मालक असलेल्या मेटा कंपनीला सुमारे २३ अब्ज डॉलर निव्वळ नफा झाला. त्याच वर्षी नोव्हेंबरात कंपनीने ११ हजार कर्मचाऱ्यांना घरी पाठवले. पुढच्या फेब्रुवारीत तिमाहीचे निकाल जाहीर करताना तिने स्वतःचेच ४० अब्ज डॉलरपर्यंतचे शेअर बाजारातून विकत घेण्याची घोषणा केली आणि दुसऱ्या दिवशी शेअरचा भाव २० टक्क्यांहून अधिक उसळला. मार्चमध्ये आणखी १० हजार नोकऱ्या जाणार असल्याचे जाहीर झाले.

अशी बातमी वाचून पडणारा प्रश्न साधा असतो. तोट्यातल्या कंपनीने माणसे काढली तर ते समजते, पण नफ्यातली कंपनी माणसे का काढते, आणि तिने तसे केले की बाजार खूश का होतो? ‘भांडवलदार लोभीच असतात’ हे उत्तर आपल्याकडे तयार असते. ते मला अपुरे वाटते, कारण लोभ १९५५ सालीही होताच, तरीही तेव्हाच्या मोठ्या अमेरिकी कंपन्या भरभराटीच्या वर्षात अशी नोकरकपात करून तिची जाहिरात करत नसत. दरम्यानच्या काळात बदलला तो कंपनी कोणासाठी चालवायची याबद्दलचा विचार. तो आधी अर्थशास्त्रज्ञांच्या लेखांत मांडला गेला, तिथून कायद्यात आणि पगाराच्या करारांत शिरला, आणि शेवटी पुण्यात हिंजवडीच्या ऑफिसात दर वर्षी भरल्या जाणाऱ्या अप्रेझलच्या तक्त्यात येऊन बसला. तिथे बसलेल्या माणसाला तो विचार म्हणून दिसत नाही. ‘कंपनीची पद्धत’ म्हणून दिसतो.

शेअर घेतला म्हणजे नेमके काय घेतले?

कायद्याच्या दृष्टीने कंपनी ही स्वतंत्र व्यक्ती असते. एखाद्या मोटार कंपनीचा एक शेअर ज्याच्याकडे आहे त्याला कारखान्यात जाऊन ‘माझ्या वाटणीचा’ म्हणून एक नटबोल्टही उचलता येत नाही, कारण नटबोल्ट कंपनीचा असतो आणि भागधारकाचा फक्त शेअर असतो. त्या शेअरबरोबर त्याला मुख्यतः दोन गोष्टी मिळतात: संचालक निवडताना मत, आणि सगळ्यांची देणी भागल्यावर जे उरेल त्यात हिस्सा.

या ‘उरेल ते’मध्येच सगळ्या वादाचे मूळ आहे. कामगाराचा पगार, माल पुरवणाऱ्याचे बिल, बँकेचे व्याज आणि सरकारचा कर हे सारे आधी ठरलेले असते. भागधारकाला मात्र काहीच ठरलेले नसते. वर्ष चांगले गेले तर पुष्कळ, वाईट गेले तर शून्य. यावरून अर्थशास्त्रज्ञांचा एक पक्ष असे म्हणतो की, इतरांना त्यांचे ठरलेले मिळत असताना शेवटचा हिस्सा वाढवणे म्हणजेच एकूण संपत्ती वाढवणे, आणि म्हणून व्यवस्थापकाने त्या शेवटच्या माणसाकडे पाहूनच कंपनी चालवावी. युक्तिवाद नेटका आहे. त्यातली फट पुढे येईल.

देवगडची बाग आणि मुंबईचा मालक

मुंबईत नोकरी करणाऱ्या एका चाकरमान्याची देवगडला हापूसची शंभर कलमे आहेत असे समजू. तो वर्षातून दोनदा गावी जातो. बागेची राखण, फवारणी, काढणी, पेट्या भरणे हे सगळे गावातला एक माणूस पाहतो. एप्रिलमध्ये त्याचा फोन येतो की, यंदा तुडतुड्यांनी मोहोर खाल्ला, चाळीसच पेट्या निघतील. हे खरे की खोटे, हे मुंबईत बसलेल्या मालकाला कळायला मार्ग नाही. राखणदार कदाचित पूर्ण प्रामाणिक असेल, कदाचित फवारणी आळसाने चुकली असेल, कदाचित वीस पेट्या रत्नागिरीच्या गाडीत परस्पर चढल्या असतील.

धनी एक आणि कारभार पाहणारा दुसरा, अशा ठिकाणी उभ्या राहणाऱ्या या अडचणीला अर्थशास्त्रात ‘एजन्सी प्रॉब्लेम’ म्हणतात. आपण तिला मुखत्यारीचा प्रश्न म्हणू. ॲडम स्मिथला ती १७७६ मध्येच दिसली होती. दुसऱ्याचा पैसा सांभाळणारे संचालक स्वतःच्या पैशाइतक्या डोळ्यांत तेल घालून तो सांभाळतील अशी अपेक्षा करू नये, असे त्याने भागभांडवली कंपन्यांबद्दल लिहून ठेवले आहे. १९३२ मध्ये ॲडॉल्फ बर्ल आणि गार्डिनर मीन्स या दोघांनी अमेरिकी कंपन्यांचा अभ्यास करून दाखवले की, हा प्रश्न आता अपवाद राहिलेला नाही: बड्या कंपन्यांचे शेअर हजारो हातांत विखुरले आहेत, कोणाही एका भागधारकाच्या हाती काही उरलेले नाही, आणि कारभार पगारी व्यवस्थापकांकडे गेला आहे. म्हणजे बागेचे हजारो मालक, सगळे मुंबईत, आणि राखणदार एकटा गावात.

यावर काय करायचे, याची उत्तरे काळानुसार बदलली. व्यवस्थापनाच्या पद्धतीही त्या त्या उत्तराबरोबर बदलत गेल्या.

पहिले उत्तर: राखणदारावर भरवसा ठेवा

दुसऱ्या महायुद्धानंतरची सुमारे पंचवीस वर्षे पहिल्या उत्तराची होती. १९३० च्या दशकातल्या महामंदीने बाजारावरचा विश्वास डळमळला होता आणि मागणी टिकवण्यासाठी सरकारने हस्तक्षेप करावा हा ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञ केन्स यांचा विचार धोरणकर्त्यांनी स्वीकारला होता. त्या वातावरणात मोठी कंपनी ही जवळजवळ एक सार्वजनिक संस्था आहे, आणि तिचा व्यवस्थापक हा कामगार, ग्राहक, भागधारक आणि गाव यांच्यात तोल राखणारा कारभारी आहे, अशी समजूत रुजली. व्यवस्थापनाचे अभ्यासक पीटर ड्रकर यांनी १९५४ मध्ये व्यवसायाचा हेतू ग्राहक निर्माण करणे हा आहे असे मांडले. त्या व्याख्येत भागधारक कुठेच नाही, याचे तेव्हा फारसे कोणाला नवल वाटले नाही. अर्थशास्त्रज्ञ जॉन केनेथ गालब्रेथ यांनी १९६७ मध्ये तर असे लिहिले की, कंपनी खऱ्या अर्थाने तज्ज्ञ नोकरदारांचा समूहच चालवतो आणि त्याला कमाल नफ्यापेक्षा वाढ आणि स्थैर्य अधिक प्रिय असते.

हे सगळे सद्गुणांमुळे होते असे मानू नये. त्या काळात अमेरिकेत सर्वांत वरच्या उत्पन्नावर ९१ टक्के आयकर होता, त्यामुळे साहेबाने भांडून पगार दुप्पट करून घेतला तरी हाती फारसे लागत नसे. मग तो मोठे ऑफिस, मोठा कर्मचारीवर्ग आणि गावातला मान यांत समाधान शोधत असे. शिवाय युरोप आणि जपान युद्धातून सावरत असल्याने स्पर्धाही बेताची होती. त्या काळाविषयी हळहळणारे लेख वाचताना हे विसरले जाते.

दुसरे उत्तर: राखणदार म्हणजे चोरच समजा

१९७० च्या दशकात हा डोलारा खचला. १९७३ मध्ये तेलाचे भाव भडकले, महागाई आणि बेकारी एकाच वेळी वाढू लागली, जपानी मोटारी आणि पोलाद अमेरिकी बाजारात शिरले, आणि १९७३-७४ मध्ये अमेरिकी शेअर बाजार जवळपास निम्म्यावर आला. मुंबईतल्या मालकांचे हात खरोखरच पोळले होते. राखणदार मात्र नव्या ओसरीचे बांधकाम काढून बसला होता, कारण अनेक कंपन्यांनी आपला मूळ धंदा सोडून भलत्याच क्षेत्रांतल्या कंपन्या विकत घेण्याचा सपाटा लावलेला होता.

नवा विचार दोन टप्प्यांत आला. सप्टेंबर १९७० मध्ये अर्थशास्त्रज्ञ मिल्टन फ्रीडमन यांनी न्यूयॉर्क टाइम्सच्या साप्ताहिक पुरवणीत लेख लिहून बजावले की, व्यवसायाची सामाजिक जबाबदारी एकच, ती म्हणजे नफा वाढवणे. व्यवस्थापक हा भागधारकांचा नोकर आहे, आणि त्याने कंपनीच्या पैशातून समाजकार्य करणे म्हणजे निवडून न येता लोकांवर कर बसवून तो आपल्या मर्जीने खर्च करणे होय, असा त्यांचा मुद्दा होता. मात्र कायदा आणि प्रचलित नीतिनियम पाळून, ही अट त्यांनी स्वतःच घातली होती. त्यांचे चाहते आणि टीकाकार दोघेही ती सोयीस्करपणे गाळतात.

फ्रीडमन यांचा लेख गाजला, पण माझ्या मते व्यवस्थापनाचा चेहरा बदलला तो सहा वर्षांनी आलेल्या, सामान्य वाचकाने नावही न ऐकलेल्या एका शोधनिबंधाने. मायकेल जेन्सन आणि विल्यम मेकलिंग यांनी १९७६ मध्ये मुखत्यारीच्या प्रश्नाला हिशेबाची भाषा दिली. धनी आणि कारभारी दोघेही आपापला फायदा पाहणार असे गृहीत धरले, तर कारभाऱ्यावर लक्ष ठेवण्याचा खर्च, त्याने आपण विश्वासू आहोत हे पटवून देण्याचा खर्च, आणि हे सगळे करूनही होणारे नुकसान, अशा तीन रकमा निघतात. त्यांची बेरीज कमीत कमी ठेवणे हे उत्तम करारांचे काम. फ्रीडमन यांनी नीतीचा प्रश्न विचारला होता. या दोघांनी आराखडा दिला, आणि ऑफिसात उतरतो तो आराखडाच.

आराखडा ऑफिसात कसा उतरला?

देवगडच्या मालकाला कोणी सुचवील की, राखणदाराला पगार कशाला देता, पिकात वाटा द्या. मग तुमचे आणि त्याचे हित एक होईल. कंपन्यांनी नेमके हेच केले. १९९० मध्ये जेन्सन आणि केव्हिन मर्फी यांनी आकडेमोड करून दाखवले की, भागधारकांची संपत्ती हजार डॉलरने वाढली किंवा घटली तर मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याच्या संपत्तीत सरासरी केवळ सव्वातीन डॉलरचा फरक पडतो. म्हणजे त्याला सरकारी बाबूसारखा पगार मिळतो, मग तो बाबूसारखाच वागणार. त्यावरचा उपाय स्टॉक ऑप्शन हा होता. ठरलेल्या भावाने पुढे कधीतरी शेअर घेण्याचा हा हक्क असतो, आणि भाव वर गेला तरच त्याला किंमत असते.

१९९३ मध्ये अमेरिकी सरकारने बड्या पगारांना लगाम म्हणून एक नियम केला: वर्षाला दहा लाख डॉलरपेक्षा अधिक पगार दिल्यास वरची रक्कम कंपनीला करासाठी खर्चात धरता येणार नाही, पण कामगिरीशी जोडलेला मोबदला याला अपवाद राहील. अपवादाच्या त्या दारातून ऑप्शनची रांगच लागली. त्यात भर म्हणजे, त्या काळच्या हिशेबाच्या नियमांनुसार असे ऑप्शन वाटल्याचा खर्च नफ्यातून वजा करावा लागत नव्हता. दुसरीकडे १९८२ मधल्या एका नियमामुळे कंपन्यांना स्वतःचेच शेअर बाजारातून परत विकत घेणे, म्हणजे बायबॅक करणे, निर्धोक झाले होते. बायबॅक झाली की बाजारातले शेअर घटतात, तोच नफा कमी शेअरांत वाटला जातो आणि प्रत्येक शेअरमागचा नफा वाढलेला दिसतो. ज्याचा मोबदला शेअरच्या भावाशी बांधलेला आहे त्याला नवा कारखाना उभारून आठ वर्षे वाट पाहण्यापेक्षा हा मार्ग अधिक जवळचा वाटला, तर त्यात आश्चर्य नाही.

आता पुन्हा बागेकडे. कोकणात बाग दोन-तीन वर्षांच्या कराराने देणाऱ्या मालकांना कल्टार या औषधाची धास्ती असते. मुळाशी ते दिले की झाडाला वाढ सोडून मोहोर धरायला लावता येते. बेताने वापरले तर उपयोगी, पण करार संपण्याआधी पेट्या काढायच्या असल्या की हात सैल सुटतो आणि पुढच्या मालकाला खंगलेली कलमे मिळतात. वाटा दिल्याने हित एक झाले हे खरे, पण ते पेट्यांच्या बाबतीत एक झाले. झाडाच्या बाबतीत नाही. शेअरचा भाव ही पेटी आहे, आणि संशोधन, कारागिरांचे कसब, ग्राहकांचा विश्वास, पुरवठादारांशी जमलेली घडी हे झाड आहे. हे झाड ताळेबंदात जवळजवळ दिसतच नाही.

खालच्या पातळीवर तोच विचार वेगळ्या रूपात आला. जनरल इलेक्ट्रिकचे जॅक वेल्च १९८१ ते २००१ अशी वीस वर्षे प्रमुख होते. पहिल्या पाच वर्षांत त्यांनी लाखाहून अधिक नोकऱ्या कमी केल्या. दर वर्षी कर्मचाऱ्यांची वरचे २० टक्के, मधले ७० आणि तळाचे १० अशी प्रतवारी करायची आणि तळाच्यांना निरोप द्यायचा, ही त्यांची पद्धत जगभर उचलली गेली. आपल्याकडच्या आयटी कंपन्यांत तिच्या सौम्य अवताराला ‘बेल कर्व्ह’ म्हणतात. संघातल्या आठही जणांनी उत्तम काम केले तरी कोणा एकाला खालचे रेटिंग द्यावेच लागते, आणि ते कोणाला द्यायचे हे ठरवताना टीम लीडची झोप उडते. या तक्त्यामागचे गृहीतक असे आहे की, लक्ष ठेवले नाही आणि भीती दाखवली नाही तर माणूस काम टाळणारच. ते गृहीतक खरे की खोटे, हे तक्ता भरताना कोणी विचारत नाही.

सिद्धान्ताने माणूस घडवला का?

कोलकात्यात जन्मलेले आणि लंडन बिझनेस स्कूलमध्ये शिकवणारे सुमंत्र घोषाल यांचा या विषयावरचा लेख त्यांच्या मृत्यूनंतर, २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांचे म्हणणे मला या साऱ्या वादातले सर्वांत टोकदार वाटते. ग्रहगोलांबद्दल चुकीचा सिद्धान्त मांडला तर ग्रह आपला मार्ग बदलत नाहीत. माणसांबद्दल चुकीचा सिद्धान्त मांडून तो वर्षानुवर्षे वर्गात शिकवला तर माणसे तशी वागू लागतात. राखणदाराला चोर समजून त्याच्या दाराशी कॅमेरा लावला, रोज हिशेब मागितला आणि प्रामाणिकपणाचे मोल शून्य धरले, तर तीन वर्षांत तो ‘मग चोरी का करू नये’ असा विचार करू लागतो, आणि सिद्धान्त खरा ठरल्याचा आपल्याला आनंद होतो.

मराठी वाचकाला दाभोळच्या वीजप्रकल्पामुळे एन्रॉन हे नाव परिचयाचे आहे. ही अमेरिकी ऊर्जा कंपनी डिसेंबर २००१ मध्ये दिवाळखोरीत गेली. तिथे अधिकाऱ्यांना भरपूर ऑप्शन होते, तळाच्या कर्मचाऱ्यांना काढण्याची कडक प्रतवारी होती, आणि पुढे कित्येक वर्षांत मिळू शकणारा नफा करार होताच हिशेबात धरण्याची पद्धत होती. म्हणजे नव्या विचाराने सांगितलेली औषधे जवळजवळ सगळीच घेतली जात होती. अनेक कर्मचाऱ्यांची निवृत्तीची पुंजी कंपनीच्याच शेअरमध्ये होती. नोकरी आणि पुंजी दोन्ही गेल्या.

‘उरेल ते’च्या युक्तिवादातली फट ती हीच. ठरलेल्या रकमेचा करार आहे म्हणून कामगाराला धोका नाही असे मानले जाते, पण वीस वर्षे एकाच कंपनीची यंत्रणा शिकण्यात घालवलेल्या माणसाचे कसब दुसरीकडे अर्ध्या किमतीलाही विकले जात नाही, आणि त्याचे गृहकर्ज मात्र पूर्ण किमतीचे असते. भागधारक सकाळी शेअर विकून दुपारी मोकळा होतो. ‘उरेल ते’ घेणारा एकटा भागधारक नसतो. कंपनी बुडाल्यावर जे उरते त्यातले पुष्कळसे इतरांच्या वाट्याला येते.

खुद्द वेल्च यांनी मार्च २००९ मध्ये, जागतिक आर्थिक संकट ऐन भरात असताना, फायनान्शियल टाइम्सला सांगितले की, भागधारकांचे मूल्य वाढवणे हे धोरण मानणे ही जगातली सर्वांत मूर्ख कल्पना आहे. ते धोरण नसून फलित आहे. निवृत्तीनंतर साडेसात वर्षांनी आलेले हे शहाणपण. मायक्रोसॉफ्टने सक्तीची प्रतवारी २०१३ मध्ये बंद केली. जनरल इलेक्ट्रिक २०२४ पर्यंत तीन वेगळ्या कंपन्यांत विभागली गेली.

शंका: म्हणजे नफा वाईट आणि भागधारक नकोसे?

नाही. सत्यम या आयटी कंपनीचे प्रकरण आठवून पाहावे. डिसेंबर २००८ मध्ये प्रवर्तक रामलिंग राजू यांनी सत्यमच्या पैशातून आपल्याच कुटुंबाशी संबंधित दोन मायटास कंपन्या विकत घेण्याचा घाट घातला. संचालक मंडळाने मान डोलावली. भागधारकांनी मात्र शेअर विकण्याचा असा मारा केला की, काही तासांत तो बेत रद्द करावा लागला, आणि ७ जानेवारी २००९ रोजी राजू यांनी हिशेबातल्या घोटाळ्याची कबुली दिली. तिथे बाजाराचा वचक नसता तर खोटे ताळेबंद आणखी किती वर्षे चालले असते कोण जाणे.

हेच उदाहरण दुसऱ्या शंकेलाही उत्तर देते. आपल्याकडे मालकच कंपनी चालवतो, मग मुखत्यारीचा प्रश्न येतोच कुठे, असे विचारले जाते. तो येतो, पण रूप बदलून. अमेरिकेत हजारो मालक आणि एक राखणदार आहे. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी एक मोठा मालक, जो स्वतःच राखणदारही आहे, आणि शेकडो लहान वाटेकरी आहेत. झगडा धनी आणि नोकर यांच्यात नसून थोरला भाऊ आणि धाकटे भाऊ यांच्यात आहे, आणि सामाईक जमीन कसणाऱ्या कोणत्याही कुटुंबाला तो समजावून सांगावा लागत नाही. अमेरिकेतून आलेले औषध, म्हणजे स्वतंत्र संचालक आणि शेअरशी बांधलेला मोबदला, या आजारावर निम्मेच लागू पडते, कारण त्या स्वतंत्र संचालकाची निवडही बहुधा थोरल्याच्याच मतांवर होते.

शंका: सगळ्यांचे पाहणारा कोणाचेच पाहत नाही

हा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो. एडवर्ड फ्रीमन यांनी १९८४ मध्ये मांडले की, कंपनीवर ज्यांचे बरेवाईट अवलंबून आहे त्या सर्व हितसंबंधीयांचा, म्हणजे स्टेकहोल्डरांचा, विचार व्यवस्थापनाने करावा. त्यावर जेन्सन यांचे उत्तर असे होते की, एकाच वेळी पाच उद्दिष्टे देणे म्हणजे एकही न देणे. भाव पडला तर व्यवस्थापक म्हणेल कामगार जपले, कामगार काढले तर म्हणेल पर्यावरण जपले. त्याला जाब विचारायला मापच उरत नाही.

या आक्षेपाची कसोटी महाराष्ट्राने प्रत्यक्ष घेतलेली आहे. १९५० साली अहमदनगर जिल्ह्यात प्रवरानगरला सहकारी साखर कारखाना उभा राहिला. विठ्ठलराव विखे पाटील त्यामागचे कर्ते पुरुष होते, आणि पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे धनंजयराव गाडगीळ हे कारखान्याचे पहिले अध्यक्ष होते. अर्थविचाराने व्यवस्थापन घडवल्याचे याहून थेट उदाहरण मला ठाऊक नाही, कारण इथे विचार मांडणारा माणूस स्वतःच खुर्चीत बसला. शेअर कितीही असोत, सभासदाला मत एकच. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, सभासद हाच ऊस पुरवणारा. खासगी कारखान्यात ऊसदर हा खर्च असतो आणि तो कमी ठेवणे हे चांगल्या व्यवस्थापनाचे लक्षण मानले जाते. सहकारी कारखान्यात तोच दर मालकाची कमाई असते आणि तो वाढवणे हे चांगले व्यवस्थापन ठरते. यंत्रे, रस आणि साखर सगळे तेच. केवळ ‘कोणासाठी’ हे बदलले की हिशेबातली एक ओळ खर्चाच्या बाजूवरून कमाईच्या बाजूला जाते. वैधानिक दरापेक्षा जास्त दिलेला ऊसदर हा खर्च की नफ्याचे वाटप, यावर आयकर खाते आणि कारखाने यांच्यात वर्षानुवर्षे वाद चालला, आणि २०२३ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात जुन्या वर्षांसाठी तो खर्च म्हणून मान्य झाला तेव्हा कारखान्यांना मिळणारा दिलासा सुमारे १० हजार कोटी रुपयांचा असल्याचे सरकारने सांगितले. एका व्याख्येची ही किंमत.

पण जेन्सन यांचा आक्षेप इथेही सुटत नाही. सभासद हजारो, प्रत्येकाचे मत एक, आणि चेअरमनकडे तोडणीचा कार्यक्रम, नोकरभरती आणि जिल्हा बँकेतले वजन. म्हणजे राखणदार पुन्हा गावात आणि मालक पुन्हा लांब. काटामारीच्या तक्रारी, आजारी पडलेले आणि विकले गेलेले कारखाने, दरासाठी दर हंगामात करावी लागणारी आंदोलने यांतून एवढे दिसते की, कागदावर मालकी योग्य माणसाकडे दिल्याने कारभार आपोआप त्याच्या हिताचा होत नाही. माप शोधावेच लागते. तरीही शेअरचा भाव हे एकच माप मोजायला सोपे आहे म्हणून ते बरोबर आहे, हे मला पटत नाही.

मग आज आपण कुठे आहोत?

ऑगस्ट २०१९ मध्ये बिझनेस राउंडटेबल या अमेरिकी उद्योगसंघटनेतल्या १८१ कंपन्यांच्या प्रमुखांनी एक निवेदन काढून ग्राहक, कर्मचारी, पुरवठादार, स्थानिक समाज आणि भागधारक या सर्वांशी आपली बांधिलकी जाहीर केली. याच संघटनेने १९९७ मध्ये भागधारकांना पहिला मान दिला होता, त्यामुळे ती मोठी बातमी ठरली. पण हार्वर्डच्या लुसियन बेबचुक आणि रॉबर्टो तल्लारिता यांनी या कंपन्यांना पत्रे लिहून विचारले की, हे निवेदन तुमच्या संचालक मंडळाने मंजूर केले होते का. उत्तर देणाऱ्यांपैकी एक कंपनी सोडून बाकी सर्वांनी नाही म्हटले. घरातला कर्ता देवळाचा जीर्णोद्धार करण्याचे जाहीर करतो आणि घरी पैशाबद्दल अवाक्षर काढत नाही, तेव्हा गावाला जे समजायचे ते समजते.

जर्मनीने शब्दांऐवजी खुर्च्या दिल्या. १९७६ च्या कायद्यानुसार दोन हजारांहून अधिक कामगार असलेल्या कंपन्यांच्या देखरेख मंडळावर निम्म्या जागा कामगारांच्या प्रतिनिधींच्या असतात. बरोबरी झाली तर अध्यक्षाचे जादा मत, आणि ते भांडवलाच्या बाजूचे. भारताचा मार्ग तिसराच आहे. २०१३ च्या कंपनी कायद्याचे कलम १६६ संचालकाला भागधारकांबरोबर कर्मचारी, समाज आणि पर्यावरण यांचेही हित पाहायला सांगते, आणि कलम १३५ ठरावीक आकाराच्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम समाजकार्यावर खर्च करायला लावते. या दोन कलमांत चर्चा नेहमी दुसऱ्याची होते, कारण तिथे रक्कम मोजता येते आणि शाळेला दिलेल्या संगणकांचा फोटो निघतो. पहिले कलम ९८ टक्के कसे कमवायचे याबद्दल बोलते, आणि त्याच्या आधारे कामगाराला न्यायालयात जाऊन फारसे काही मागता येत नाही.

एखादी कंपनी यांतल्या कोणत्या विचारावर चालते, हे तिच्या जाहिरातीवरून किंवा भिंतीवर लावलेल्या मूल्यांच्या फलकावरून कळत नाही. वार्षिक अहवालातल्या दोन जागांवरून बरेच कळते. शेअर बाजारात नोंदलेल्या भारतीय कंपनीला संचालकांच्या अहवालात प्रत्येक संचालकाचा मोबदला हा कर्मचाऱ्यांच्या मध्यम मोबदल्याच्या, म्हणजे अर्ध्यांना त्याहून अधिक आणि अर्ध्यांना त्याहून कमी मिळतो त्या रकमेच्या, किती पट आहे हे द्यावेच लागते. आणि बाजारमूल्याने पहिल्या एक हजारांत असलेल्या कंपन्यांना २०२२-२३ पासून सेबी या शेअर बाजाराच्या नियामक संस्थेच्या नियमानुसार व्यवसाय-जबाबदारीचा जो वेगळा अहवाल जोडावा लागतो, त्यात वर्षभरात किती कर्मचारी सोडून गेले याची टक्केवारी असते. हे दोन आकडे सलग पाच वर्षांचे शेजारी शेजारी मांडावेत, आणि त्याखाली प्रमुखाचा बोनस कशावर अवलंबून आहे ते लिहावे. कंपनी ओळखीची असेल तर अर्धा तास पुरतो.